बोअर: एका कंटाळ्याची कुळकथा

जळगावात ‘बोर’ म्हटलं की आधी मेहरूणची बोरं आठवतात. रावेर-यावलच्या केळीवाल्याला मात्र शेतातलं बोअर आठवतं आणि त्याला किती फुटांवर पाणी लागलं ते तो सांगू लागतो. त्याच घरातलं सातवीचं पोर वहीवर डोकं टेकून म्हणतं, ‘काय बोअर होतंय!’ कानाला तिन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत.

झाडावरचं बोर संस्कृत ‘बदर’चं. जमिनीतलं बोअर इंग्रजीतल्या भोक पाडण्याच्या जुन्या क्रियापदाचं. कंटाळ्याचं बोअर या तिघांत धाकटं. १७६०च्या दशकात ते इंग्लंडमधल्या उच्चभ्रूंच्या पत्रांतून दिसू लागलं. समोरचा माणूस डोक्याला गिरमिट लावतो म्हणून तो बोअर, ही व्युत्पत्ती कुणालाही पटेल अशी आहे, पण कोशकारांनी तिच्यावर अजून शिक्का मारलेला नाही. पुढे डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) या कादंबरीत लेडी डेडलॉकला हाच आजार जडला: घर आहे, दागिने आहेत, आणि जीव रमत नाही.

तो शब्द आपल्याकडे आला आणि इतका रुळला की सिनेमा बोअर, भाषण बोअर, भाजी बोअर, भिंतही बोअर. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचं खरं नुकसान इथे होतं. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, २००० सालापासून ते पहिलीत आलं. वर्षं वाढली, पण कंटाळवाण्या गोष्टीसाठी मुलांकडे विशेषण एकच राहिलं. बाकीची विशेषणं ती कोशातून पाठ करतात. सगळ्यांपुढे अर्थ एकच लिहिलेला असतो, ‘कंटाळवाणा’. म्हणून परीक्षा संपली की ती विसरतातही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि इंग्रजी वाक्यं शेजारी बसवली. विशेषणांनाही तसंच शेजार द्यायला हवं. प्रत्येकाचं मूळ घर पाहिलं की त्याचा मराठी शेजारी आपणहून सापडतो.

‘इन्सिपिड’चं घर जिभेवर आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बेचव. वरण-बट्टीच्या पंगतीत वरणात मीठ टाकायचं राहिलं तर आपण त्याला अळणी म्हणतो. ‘अळणी’ही ‘अलवण’मधून, म्हणजे मीठ नसण्यातूनच आलेला. अळणी वरणावरून अळणी लेखापर्यंत मराठी जशी गेली, तशीच इंग्रजीही गेली. ‘ब्लँड’ त्याच्या जवळचा, पण लॅटिनमधलं त्याचं मूळ मऊ, सौम्य. आजाऱ्याला दिलेली बिनतिखटाची खिचडी ब्लँड असते आणि त्यात तिचा दोष नसतो. शेवभाजी तशी निघाली तर मात्र खान्देशी माणूस तिला मिळमिळीत म्हणतो.

‘मोनोटोनस’चं घर कानात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एक सूर, आणि आपला ‘एकसुरी’ अक्षरशः तोच. धुळ्यात यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘ड्रॅब’ डोळ्यांचा. फ्रेंचमधल्या कापडाच्या नावावरून निघालेला हा शब्द आधी न रंगवलेल्या कापडासाठी होता, मग त्या मळकट रंगासाठी, आणि शेवटी रंगहीन जगण्यासाठी. अमळनेरच्या प्रताप मिलचा जिल्हा आपला. कोऱ्या मांजरपाटाचा तो पिवळट, मातकट रंग डोळ्यांपुढे आणला की ‘ड्रॅब’ कायमचा लक्षात राहतो.

‘डल’ सर्वांत जुना. तो आधी मंदबुद्धी माणसासाठी होता, नंतर बोथट धारेसाठी आला आणि रटाळपणासाठी त्याहून उशिरा. मराठीत माणूस मठ्ठ, विळा बोथट आणि आभाळ मळभटलेलं असतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी डल चालतो.

एक गाठ उरते. आपली मुलं ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणतात आणि नकळत स्वतःलाच कंटाळवाणं ठरवतात. मराठीत कंटाळा ‘येतो’, बाहेरून पाहुण्यासारखा. तो ज्याच्याकडून येतो तो ‘बोअरिंग’, आणि ज्याच्याकडे येतो तो ‘बोअर्ड’. भाषण बोअरिंग, ऐकणारा बोअर्ड. फळ्यावर एक बाण काढला की एवढं पुरतं.

मे महिन्यातली धुळ्याची दुपार घ्या. पंख्याची घरघर मोनोटोनस, चुना उडालेली भिंत ड्रॅब, घाईत उरकलेलं वरण इन्सिपिड, वाऱ्याने धूळ चढून पिवळं पडलेलं आभाळ डल, आणि खिडकीशी बसलेलं पोर बोअर्ड. हीच पाच वाक्यं त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावीत. लिहिता लिहिता ते पंख्याकडे, भिंतीकडे, आभाळाकडे नीट बघेल. मग शेवटचं वाक्य लिहायची वेळ येईल तेव्हा ते कदाचित खरं उरलेलं नसेल.