हळदीचा वंश

सांगलीच्या पेठेंत हळदीचीं पोतीं पाहिलेलीं माणसें पुष्कळ आहेत. हळदीचें बीं पाहिलेला मनुष्य मात्र क्वचितच आढळेल. ज्वारी, हरभरा हीं पिकें बियांपासून होतात. हळद ही हळदीपासूनच होते. मागील पिकांतले जेठे गड्डे निवडून सावलींत राखावयाचे आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास तेच बेणें म्हणून जमिनींत लावावयाचे, असा वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. बीं नाहीं, तर एका गड्ड्याचे अनेक गड्डे होतात तरी कसे? घरांतील एखाद्या शाळकरी मुलानें हा प्रश्न विचारला, तर त्याचें उत्तर थोडक्यांत संपणारें नाहीं. कारण तें शोधावयास युरोपांतील विद्वानांस दोनशें वर्षें लागलीं.

रॉबर्ट हुक यानें 1665 सालीं बुचाच्या पातळ कापांत लहान लहान कोठड्या पाहिल्या. सर्व वनस्पति व प्राणी अशा पेशींचेच बनलेले आहेत, हें श्लायडेन आणि श्वान यांनीं 1838 व 1839 सालीं मांडलें. परंतु नवी पेशी येते कोठून? पाकांत खडीसाखरेचे खडे धरावेत तशा पेशी निराकार द्रव्यांतून धरतात, असा त्यांचा समज होता. रॉबर्ट रेमाक यानें कोंबडीच्या गर्भांतील पेशी प्रत्यक्ष विभागतांना पाहून हा समज खोडून काढला. प्रत्येक पेशी ही आधींच्या पेशीपासूनच होते, हें सूत्र 1855 सालीं व्हर्चोनें उच्चारलें आणि कीर्ति त्याची झाली. रेमाक ज्यू असल्यामुळें त्यास पूर्ण प्राध्यापकपदही लाभलें नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत असा पंक्तिप्रपंच नवा नव्हे.

विभाजनाची रीत स्पष्ट केली ती वाल्टर फ्लेमिंग यानें. पेशींस रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां, केंद्रकांतील धाग्यांसारखे पदार्थ आखूड व जाड होतात, प्रत्येक धागा उभा चिरून त्याचे दोन होतात, आणि त्यांतील एकेक विरुद्ध टोकास ओढला जातो, असें त्यास दिसलें. त्याचा ग्रंथ 1882 सालीं निघाला; त्या धाग्यांस पुढें 1888 मध्यें जें नांव पडलें, त्यासच आपण मराठींत गुणसूत्रें म्हणतों.

येथें घरचेंच एक उदाहरण घेऊं. जुना सातारा जिल्हा 1949 सालीं विभागला जाऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा झाले. दक्षिण साताऱ्यास 1960 मध्यें सांगली जिल्हा हें नांव मिळालें. जिल्हा विभागतांना तालुके वांटून घ्यावे लागतात. एकाकडे गेलेला दुसऱ्याकडे उरत नाहीं. पेशी तसें करीत नाहीं. ती आधीं सगळ्या दप्तराची दुसरी प्रत काढते आणि मगच विभागते. त्यामुळें दोन्ही कन्यापेशींस संपूर्ण दप्तर मिळतें. ही नक्कल विभाजन दिसूं लागण्यापूर्वींच, ठराविक काळांत होते, हें हॉवर्ड व पेल्क यांनीं 1953 च्या सुमारास एका शेंगवर्गीय रोपाच्या मुळांच्या टोकांवर दाखविलें. त्याच वर्षीं वॉटसन व क्रिक यांनीं त्या दप्तराची रचना उकलली.

पेशी विभागते कां? नुसती वाढतच कां नाहीं? एखाद्या ठोकळ्याची बाजू दुप्पट केली तर त्याचें पृष्ठ चौपट होतें, पण आकारमान आठपट. पेशीस अन्न व प्राणवायु पृष्ठांतूनच मिळावयाचा. म्हणून फार मोठी पेशी उपाशी मरेल. शिवाय जखम भरून काढणें, झिजलेल्या पेशींची जागा घेणें, हींही विभाजनाचींच कामें होत.

आतां हळदीकडे वळूं. हळदीच्या पेशींत साधारणतः 63 गुणसूत्रें असतात, म्हणजे 21 चे तीन संच. आंबेहळदींत तीं 42 आहेत. बीं होण्यासाठीं गुणसूत्रांस जोडीनें एकत्र येऊन निम्मीं निम्मीं व्हावें लागतें. तिघांची जोडी कशी जमणार? म्हणून हळदीस फूल येतें, पण बीं सहसा धरत नाहीं. आपल्या खाण्यांतल्या बहुतेक केळ्यांचीही हीच गोष्ट. तेव्हां आजचें बेणें हें आजोबांच्या शेतांतील हळदीचें अपत्य नव्हे. तीच हळद पेशी विभागत विभागत आपल्यापर्यंत आलेली आहे.

याचा व्यापारास मोठा लाभ होतो. रंग व गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. 2018 सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें, त्यास हेंही एक कारण म्हणावें लागेल. पण जी रोगराई एका गड्ड्यास मानवते, तिला सगळेंच शेत मानवतें. नवी जात काढावयाची तरी नेहमींसारखा संकर साधत नाहीं. असलेल्या हळदींतूनच निवड करावी लागते. कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रानें ‘कृष्णा’ ही जात अशाच निवडीनें काढली.

विक्रीची हळद शिजवितात. उकळत्या पाण्यांत तिच्या पेशी मरतात. तिला पुन्हां कोंब फुटत नाहीं. अशीच वाळविलेली हळद हरिपूरच्या जमिनींतील पेंवांत वर्षानुवर्षें सांठविली जाई. 2005 च्या महापुरांत त्या पेंवांत पाणी शिरून फार मोठा सांठा नासला. नासलेला माल पुढील हंगामांत पुन्हां उभा करतां येतो. परंतु एखाद्या जुन्या जातीचें सगळें बेणें शेतांत पाणी सांचून कुजलें, तर ती जात बियांपासून पुन्हां उगविण्याची सोय नाहीं. तिच्या पेशींची सांखळी तेथेंच तुटते.