कुंडीतली खसखस आणि भांगेचा विसरलेला रेणू

कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाल्यावर कुंडीत घोटली जाते ती थंडाई बदाम, खसखस, बडीशेप, मिरी आणि दुधाची. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि पैलवानांच्या खुराकात थंडाईची जागा पक्की झाली. आता ही खसखस कशाची? अफूच्या बोंडातलं बी. अमली द्रव्य बोंडाच्या चिकात असतं, बियांत ते नावापुरतंच, म्हणून खसखस खाणाऱ्याला कोणी अफूबाज म्हणत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंही अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलं आहे. एकाच झाडाच्या एका भागाला विष आणि दुसऱ्याला वाटणाचा मसाला मानायची ही समज भांगेच्या वाट्याला मात्र अर्धवटच आली, असं माझं म्हणणं आहे.

अर्धवट एवढ्यासाठी की जुन्यांनी भेद केला होता. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने भांग अफूच्या जोडीला ठेवून तिला ‘व्यवायी’, म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणारं द्रव्य, म्हटलं. पुढे ग्रहणी-अतिसारावरच्या जातिफलादि चूर्णातही ती आली. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने ११९३ साक्षीदार ऐकले आणि पाल्याची भांग, मादीच्या शेंड्यांचा गांजा व राळेचा चरस यांचा वेगवेगळा विचार केला. रसायनशास्त्राने मात्र नशेचाच माग काढला. १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी हशीशमधून नशा आणणारा टीएचसी वेगळा केला. त्याच वर्षी, त्याच दोघांनी कॅनाबिजेरॉल नावाचा, नशा न आणणारा रेणूही शोधला. पहिला जगभर गाजला, दुसऱ्याला कोणी विचारलं नाही. गंमत अशी की झाडात आधी बनतं ते कॅनाबिजेरॉलचं आम्लरूप. त्यावर विकरांची क्रिया होऊन टीएचसीचं आम्लरूप तयार होतं. शेंडा पिकेल तशी ही आई लेकरांत वाटून संपते, म्हणून पक्व गांजात तिचं प्रमाण सहसा एक टक्क्याच्या आतच.

या रेणूचे पुरावे आहेत, पण तोकडे. २०१३ मध्ये उंदरांच्या आतड्याची सूज त्याने उतरलेली दिसली. २०२० मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर तो उंदरांत प्रभावी ठरला. माणसांवरचा २०२४ चा अमेरिकी प्रयोग अवघ्या ३४ जणांचा, त्यात २० मिलिग्रॅमने अस्वस्थता कमी झाल्याची नोंद आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच. दुसरा आक्षेप त्याहून नेमका आहे: जातिफलादि चूर्णाचा गुण या रेणूचा कशावरून? ते सिद्ध करता येत नाही, कारण पाल्यात टीएचसीही असतो. आतड्याच्या विकारावर वैद्यांनी भांग दिली आणि उंदरांच्या आतड्यावर हा रेणू चालला, एवढ्या साम्यावरून पूर्वजांना सारं ठाऊक होतं म्हणणं ही निव्वळ फुशारकी. पण तपासायला कुठून सुरुवात करावी, एवढं त्यातून नक्की कळतं.

खरी अडचण व्याख्येची आहे. १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा वा फळांचा शेंडा. शेंड्याविना असलेलं बी आणि पान त्यातून सुटतं. नशेचं प्रमाण त्यात विचारलेलंच नाही. कॅनाबिजेरॉल हवा असेल तर मात्र कोवळा शेंडाच खुडावा लागतो, आणि तो खुडला की परवान्याचा कागद आधी लागतो.