जीर्ण ग्रंथांचें उत्तरकार्य

कोणता धर्म कशास पवित्र मानतो, हें त्याच्या पूजाविधीवरून कळतें. परंतु तें पावित्र्य नेमकें कोठें वसतें, हें जाणावयाचें असल्यास पूज्य वस्तु जीर्ण झाल्यावर तिची व्यवस्था कशी लागते, इकडे लक्ष दिलें पाहिजे. धर्मग्रंथाचेंच उदाहरण घेऊं. पान फाटलें, शाई उडाली, वाचन अशक्य झालें. तरी तो ग्रंथ केरांत टाकण्यास श्रद्धावंताचा हात धजत नाहीं. येथपर्यंत सर्वांचें एकमत आहे. भेद दिसतो तो पुढें.

यहुदी धर्माप्रमाणें ईश्वराचें नाम ज्यावर लिहिलें आहे, तो लेख नष्ट करणें निषिद्ध होय. म्हणून असे जीर्ण लेख ‘गनीझा’ नांवाच्या बंदिस्त जागेंत ठेवावे व पुढें भूमींत पुरावे, असा शिरस्ता आहे. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांतले असंख्य कागद मात्र पुरावयाचे राहून गेले. आणि धर्मग्रंथांबरोबर हिब्रू लिपींतील हिशेब, करारनामे व खासगी पत्रेंहि तेथें सांचलीं. केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्टर यांनीं १८९६-९७ च्या हिवाळ्यांत तेथून सुमारें १,९३,००० तुकडे नेले. बाराव्या शतकांत मंगळूराकडे राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची हकीकत आज आपणांस ठाऊक आहे, ती या गनीझेमुळेंच.

मुसलमान कुराणास ईश्वराची वाणी मानतात. जीर्ण प्रत ते स्वच्छ वस्त्रांत गुंडाळून, जेथें कोणाचा पाय पडणार नाहीं अशा जागीं पुरतात, किंवा मशिदींत जपून ठेवतात. येमेनमधील साना येथील मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असतां १९७२ सालीं छताजवळ अशीं हजारों जुनीं पानें निघालीं. कुराणाच्या अतिप्राचीन प्रतींचा तो ठेवाच होय.

शिखांची भावना निराळी. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं ग्रंथासच गुरुपद दिलें. त्यामुळें ग्रंथसाहेबास रात्रीं शय्येवर विश्रांति असते, पहाटे त्याचा प्रकाश होतो, आणि देह जीर्ण झाला म्हणजे आदरपूर्वक अग्निसंस्कारहि होतो.

जैनांनीं पूज्य मानलें तें ज्ञान. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, ते ग्रंथांची पूजा करतात आणि भांडारांतील पोथ्यांवरील धूळ झाडतात. हें ज्ञान केवळ स्वपंथाचें नसे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्यावर बिल्हण या काश्मिरी ब्राह्मणानें रचलेलें ‘विक्रमांकदेवचरित’ ब्यूलर साहेबांस १८७४ सालीं सांपडलें, तें जेसलमेरच्या जैन भांडारांत! दक्षिणेच्या इतिहासाचें हें साधन मरुभूमींतील परपंथीयांच्या श्रद्धेनें वांचविलें, हें आपण विसरतां कामा नये.

आतां आपल्या घराकडे वळूं. दसऱ्यास आपण सरस्वती मांडून पोथ्यांची पूजा करतों, आणि जीर्ण पोथी नदीस अर्पण करतों. यांत अनादर मुळींच नाहीं. आपल्या परंपरेंत शब्द वसतो तो कंठांत. पान हें त्याचें केवळ वस्त्र. जोंपर्यंत मुखोद्गत म्हणणारे घरोघर होते, तोंपर्यंत एक पान पाण्यांत सोडल्यानें फारसें कांहीं हरवत नव्हतें. आज तें पाठांतर आटलें आहे, आणि आजोबांच्या दप्तरांतील पोथी ही कदाचित् एखाद्या ग्रंथाची अखेरचीच प्रत असेल. तिच्या मागील कोऱ्या पानावर एखाद्या दुष्काळाची किंवा वाटणीची नोंदहि असूं शकेल.

यांतील कोणत्याहि विधीस आम्ही उणा लेखीत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें पावित्र्याचा मान राखिला आहे. आमची विनंती इतकीच, कीं पोथी नदीवर नेण्यापूर्वीं ती एकदां जाणत्यास दाखवावी. पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून आहे. अशा संस्थांनीं ती पारखून तिची प्रतिकृति ठेविली, तर मग विसर्जनहि निश्चिंत मनानें करतां येईल. शब्दास जिवंत ठेवणें हीच ज्या पूजेची मूळ प्रेरणा, तिला यांत बाध येण्याचें कांहींच कारण आम्हांस दिसत नाहीं.