कोण, कोणाला, केव्हा म्हणाले? : मराठी परंपरेतील अवतरणाचा विचार

आजचा विषय वरवर पाहता परीक्षेपुरता वाटेल: साहित्यकृतीवर लिहिताना अवतरण कसे द्यावे. विद्यार्थ्यांना आपण सांगतो, विधान करा आणि त्याला मूळ कृतीतला आधार द्या. ठीक आहे. पण हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, असे समजू नका. मराठीत तो सातशे वर्षांपासून आहे, आणि आपल्या लोकांनी त्यावर नीट विचार केलेला आहे.

सुरुवात महानुभावांपासून करू. 13 व्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या मागे, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले, त्याच्याकडे जाऊन विचारले. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. मग केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढली, तो सूत्रपाठ.

आता इथे काय होते बघा. लीळेत प्रसंग असतो. गाव असते, वेळ असते, कोणीतरी काही विचारते आणि स्वामी उत्तर देतात. सूत्रात उरते ते फक्त उत्तर. पाठ करायला सोपे, सांगायला सोपे. पण विचारणारे माणूस गेले! महदाइसा आठवा. आपण तिला आद्य मराठी कवयित्री म्हणतो, आणि लीळाचरित्रात ती स्वामींना सतत प्रश्न विचारताना दिसते. तिच्या प्रश्नाचे उत्तर सूत्र म्हणून सुटे झाले, की ती बाई त्यातून गळून पडते. एका माणसाला, एका अडचणीत दिलेले उत्तर सर्वांना, सर्वकाळ दिलेल्या आज्ञेसारखे दिसू लागते.

ही अडचण पंथाच्याच लक्षात आली. म्हणून ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ झाला. त्याचे काम एवढेच: अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले ते सांगायचे. म्हणजे वचन आधी उचलले, आणि मग त्याचा संदर्भ परत जोडून देण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. आठवणींत फरक पडला, तर तोही लपवला नाही. वेगळा पाठ ‘वासना’ किंवा ‘शोध’ म्हणून नोंदवून ठेवला. तळटीप छापायची सोय नसतानाची ही गोष्ट आहे.

दुसरा टप्पा एकनाथांचा. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ.स. 1290 ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडत गेले. शके 1506 मध्ये, इ.स. 1584 साली, एकनाथांनी प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला. शेवटी त्यांनी बजावले की यात कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. याकडे भक्तीच्या नजरेने बघता येते, तसे अभ्यासाच्या नजरेनेही बघता येते. अवतरण देण्याआधीचा प्रश्न असा: मी जे देतो आहे, ते मूळ शब्द आहेत का? पाठ पक्का नसेल, तर त्यावर उभारलेला अर्थ कितीही सुंदर असो, तो हवेत आहे.

तिसरी परंपरा आजही जिवंत आहे: वारकरी कीर्तन. तिथे अवतरणाला शब्दच ‘प्रमाण’ आहे. बुवा एक अभंग निरूपणाला घेतात, एकेक चरण सोडवतात, मध्ये दुसऱ्या संतांची प्रमाणे देतात, आणि टाळकरी ती उचलून धरतात. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, प्रमाण कितीही गोड असले तरी बुवांना मूळ चरणावर परत यावेच लागते. दुसरी, समोर बसलेल्यांना गाथा पाठ असते. चुकीचे प्रमाण तिथल्या तिथे पकडले जाते.

आता छापखान्याच्या काळात येऊ. जुन्या पोथ्यांत अवतरणचिन्हे नव्हती. शब्दसुद्धा सलग लिहिलेले. दुसऱ्याचे बोलणे कुठे संपले ते ‘ऐसे म्हणितले’ यासारख्या शब्दांवरून कळायचे. 19 व्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून विरामचिन्हे मराठीत रुळू लागली. त्यातले अवतरणचिन्ह म्हणजे एक वचन आहे: आतले शब्द माझे नाहीत, आणि मी ते बदललेले नाहीत.

याच सुमारास, 1854 साली, परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘नवनीत’ आले. जुन्या कवितेतले वेचे शाळाशाळांत पोचले. फार मोठे काम. पण वेचा वाचून कवी कळला असे वाटण्याची सवयही वेच्यांनीच लावली. मग 1874 ते 1881 या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला. त्यांनी मोरोपंतांच्या कवितेची रसग्रहणपर चर्चा केली, आणि लोकहितवादींच्या शतपत्रांवर टीकेची झोड उठवली. शतपत्रे सुरू झाली 1848 ला. लोकहितवादी तेव्हा पंचविशीत होते. तिशीएक वर्षांपूर्वीच्या मजकुराचा हिशोब नव्या काळात मागितला गेला. अशा वादात ‘केव्हा’ हा प्रश्न टाळला, तर अवतरणाचा पुरावा राहत नाही, नुसते हत्यार होते.

मग आज निबंध लिहिताना काय करायचे? जुन्या टीकाकारांचा शब्द घ्या: अवतरणिका. श्लोकाआधी येणारे, तो श्लोक इथे का आला हे सांगणारे वाक्य. आधी अवतरणिका: कोण बोलतो आहे, कोणाशी, कथेच्या कोणत्या वळणावर. नाटकातले पात्र बोलले, तर नाटककार बोलला असे लिहू नका. मग मूळ शब्द, लागतील तेवढेच. एका विशेषणावर मुद्दा असेल तर आख्खे कडवे कशाला? आणि त्यानंतर तुमचे निरूपण: या शब्दातून हा अर्थ कसा निघतो. बहुतेक निबंध इथेच ढिले पडतात. अवतरण दिले, ‘यावरून दिसून येते’ असे लिहिले, आणि लेखक पुढे गेला. काय दिसले? कुठल्या शब्दात दिसले? ते सांगणे हीच तर समीक्षा. आणि आपल्या मताच्या आड येणारी ओळ त्याच पानावर असेल, तर तीही द्या. महानुभावांनी वासना नोंदवल्या, तशीच.

आज ‘तुका म्हणे’ लावून कुठलीही ओळ फोनवर फिरते, आणि ती गाथेत आहे का हे कोणी बघत नाही. कीर्तनातला तो पाठांतर असलेला श्रोता आता उरला नाही. तेव्हा त्याची जागा आपणच घ्यायची आहे. पुढची ओळ कोणी तुम्हाला ऐकवली, की एवढेच विचारा: कोण म्हणाले, कोणाला, आणि केव्हा?

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.