कॅसेट जिथे संपायची

रोहिणखेडचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते लढाईमुळे. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाला इथे हरवलं. घाटाखालचं गाव, येणारी-जाणारी फौज इथूनच जायची. त्यानंतर आमच्याकडे बाहेरून फारसं काही आलं नाही. माझ्यापुरतं आलं ते एका कॅसेटमधून.

ती माझ्या चुलतभावाने आणली होती. नव्वद मिनिटांची, कुणाकडून तरी भरून घेतलेली. एका बाजूला आयर्न मेडनचा १९८४ सालचा ‘पॉवरस्लेव्ह’. आता हिशेब बघा: अल्बम एक्कावन्न मिनिटांच्या आसपास, कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे शेवटचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे तेरा मिनिटांहून मोठं गाणं अर्ध्यावरच तुटायचं. मधला संथ भाग, जहाजाची लाकडं करकरतायत, कुणीतरी हलक्या आवाजात बोलतंय, आणि खट्! बटण वर. समुद्र न पाहिलेली आम्ही दोन पोरं बोटीत तशीच अडकून राहायचो.

गाणं स्टीव्ह हॅरिसने लिहिलं, कोलरिजच्या १७९८ सालच्या कवितेवरून. एक खलाशी विनाकारण पक्षी मारतो. मग वारा पडतो, सोबती तहानेने मरतात, आणि तो एकटा उरतो, लोकांना गोष्ट सांगत फिरायला. कविता मला बी.ए.ला लागली होती. गाणं अख्खं ऐकलं तेही तेव्हाच, औरंगाबादच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. चारों ओर पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही कल्पना बुलडाण्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे अर्धीच अडचण असते, एवढंच.

तोपर्यंत भारतात रॉक ऐकणं म्हणजे बहुतेक कॅसेटच. मोठे बँड क्वचित यायचे. १९८० साली ‘द पोलीस’ मुंबईत वाजवून गेले. १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, पण ते आपल्याच पोरांचं. आयर्न मेडन पहिल्यांदा आले मार्च २००७मध्ये, बंगलोरला. मग बातमी आली: नव्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईत, १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला संकुल. गाणी ऐंशीच्या दशकातली. बँडचं स्वतःचं बोइंग ७५७, आणि ते चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः!

आम्ही दोघं जाणार होतो. पण त्या वर्षी भावाच्या विहिरीचं काम निघालं आणि कापसाचे पैसे तिकडे गेले. माझं तिकीट त्यानेच काढायला लावलं. बाबा म्हणाले, “गाणं आयकाले मुंबईले जाते का कोनी?” मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडली तेव्हा मला वाटत होतं तेवढा आनंद झाला नव्हता, हे खरं.

दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम असल्याने कोणतं गाणं कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘राइम’ तर त्यांनी जवळजवळ वीस वर्षं मंचावर वाजवलंच नव्हतं. ते सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारचा गोव्याचा पोरगा नुसता ओरडत सुटला. मी गप्प. वीस वर्षांनी हे गाणं जगात पहिल्यांदा ऐकणाऱ्या गर्दीत मी होतो, आणि मला ते दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून ऐकल्यासारखं वाटत होतं.

संथ भाग आला. मी मोबाइल काढून भावाला लावला. मुंबईत रोमिंग लागायचं, बॅलन्स किती टिकेल देव जाणे. फोन डोक्यावर धरला. बास हळूहळू वर चढत गेला, मग गिटारी तुटून पडल्या, आणि शेवटपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

परतल्यावर विचारलं, काही ऐकू आलं का?

“नुसती खरखर,” तो म्हणाला. “पण कॅसेट जिथी सरे ना, त्याच्या पुढचं व्हतं ते. तेवढं समजलं मले.”