दर्पणातील सहा दर्शने

इ. स. 1839 मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाची एक संस्कृत पोथी छापून प्रसिद्ध केली. म्यूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. पण संस्कृतावर त्याचे प्रेम होते आणि ख्रिस्ती धर्मावर निष्ठा. पोथीची रचना जाणूनबुजून भारतीय ठेवलेली होती. एक शिष्य आचार्याला विचारतो की, जगात इतकी मते असताना खरे मत ओळखावे कसे? आचार्य त्याला कसोट्या सांगतो : संस्थापकाचे अलौकिक सामर्थ्य, शिकवणुकीचे पावित्र्य, आणि ती सर्व मनुष्यमात्रांसाठी असणे. श्लोक अनुष्टुभ छंदातले आणि भाषा सुबोध आहे. प्रारंभिक जिज्ञासूला विचाराच्या उंबरठ्यावर आणून सोडण्याची ही पद्धत जुनीच. नवे होते ते उंबरठ्यापलीकडचे घर.

या पोथीला संस्कृतातूनच तीन उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने लिहिले गेले. हा सोमनाथ म्हणजे सीहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू असावेत, असे अभ्यासक मानतात. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननाचे. तिसरे आणि सर्वांत कसदार उत्तर काशीतून आले. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (1844-45) या ग्रंथाचा कर्ता नीलकंठशास्त्री गोरे त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचा होता.

नीलकंठशास्त्र्यांचा जन्म 1825 मध्ये झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घराणे कोकणस्थ, पेशवाईच्या काळात महाराष्ट्राबाहेर पसरलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी एक. शिक्षण काशीत, न्याय आणि व्याकरण या शास्त्रांचे. अशा तरुण पंडिताला म्यूरच्या कसोट्या अपुऱ्या वाटल्या यात नवल नाही. त्याचा मुख्य आक्षेप मात्र नुसत्या शब्दच्छलाचा नव्हता. एकाच जन्मात मनुष्याचा कायमचा निवाडा करणारा आणि बहुसंख्य जीवांना अनंत शिक्षेत टाकणारा ईश्वर दयाळू कसा, असे त्याने विचारले. जन्मतःच दुःख भोगणारी अर्भके आणि मुके पशू यांच्या वेदनेचा हिशेब पूर्वकर्म न मानता कसा लावायचा, हा त्याचा दुसरा प्रश्न.

पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे, निदान ख्रिस्ती इतिहासाच्या वाचकांना. काशीतील चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालण्यास गेलेला हा पंडित वादातच गुंतला. घरच्यांचा विरोध पराकोटीचा होता. काशी सोडून जौनपूरला 14 मार्च 1848 रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. ज्या ग्रंथाने त्याचे पांडित्य सिद्ध केले, तो ग्रंथ अवघ्या तीन-चार वर्षांत त्याचा स्वतःचा पूर्वपक्ष झाला.

पूर्वपक्ष हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. शास्त्रीय परंपरेत खंडन करणाऱ्यावर एक बंधन असते : प्रतिपक्षाचे मत आधी त्याच्याच शब्दांत, त्याला मान्य होईल अशा रीतीने मांडायचे, आणि मगच त्याचा परिहार करायचा. नेहेम्या गोरे यांनी 1860 मध्ये 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ कलकत्त्याहून प्रसिद्ध केला तेव्हा हे बंधन त्यांनी पाळले. उद्देश उघड होता, हिंदू दर्शनांचे ख्रिस्ती दृष्टीने परीक्षण. परंतु परीक्षण करण्यासाठी सहाही दर्शने आधी शिकवावी लागली, आणि ज्याला संस्कृत येत नाही अशा वाचकाला ती शिकवायची होती. त्यामुळे खंडनाचा हा ग्रंथ दर्शनांचा प्रवेशग्रंथही ठरला.

या ग्रंथाची भाषा हिंदी आहे. लेखकाची मातृभाषा मराठी, विद्येची भाषा संस्कृत. सोळा वर्षांपूर्वी त्याने पंडितांसाठी संस्कृतात लिहिले होते. आता तो पंडितांच्या वर्तुळाबाहेरच्या माणसाशी बोलत होता. खडी बोलीचे गद्य त्या काळी नुकते कोठे बाळसे धरत होते. त्या गद्यात उपादानकारण, समवाय, अध्यास, उपाधी अशा संज्ञांचा ऊहापोह करणे हे धाडसच होते. याच सुमारास कृष्णमोहन बॅनर्जी यांनी कलकत्त्यात आपले दर्शनविषयक संवाद आधी इंग्रजीत (1861) आणि नंतर बंगालीत 'षड्दर्शनसंवाद' म्हणून (1867) प्रसिद्ध केले. बॅनर्जी इंग्रजी विद्येतून दर्शनांकडे आले होते. गोरे दर्शनांच्या आतून बाहेर पडले होते. दोघांचा धर्म एक, पण एकाला दर्शने अभ्यासाने कळली होती आणि दुसऱ्याला सहवासाने.

गोरे यांच्या मांडणीतील सर्वांत उपयुक्त गोष्ट अशी की, सहा दर्शने वेगवेगळी सांगण्याआधी त्यांच्या पोटात समान काय आहे, हे ते शोधतात. जीव अनादी, जन्ममरणाचे चक्र अनादी, बंधाचे मूळ अज्ञानात, मोक्ष म्हणजे दुःखाची निवृत्ती, आणि काहीच नसताना काही उत्पन्न होत नाही. शेवटच्या सूत्रावर त्यांचे बोट नेमके पडते. सांख्यांची प्रकृती, नैयायिकांचे परमाणू, वेदान्त्यांची माया ही सगळी एकाच गरजेतून आली आहेत : कार्याला उपादान हवे. ख्रिस्ती सृष्टिविचाराला हे सूत्र मान्य नाही. तेथे ईश्वराच्या इच्छेखेरीज जगाला दुसरे उपादान नाही. दोन परंपरांमधला खरा दुभंग मूर्तिपूजा किंवा जातिभेद यांत न शोधता कारणविचारात शोधणे ही गोरे यांची दृष्टी त्या काळच्या बहुतेक मिशनरी लेखनाहून फार वेगळी होती.

न्यायदर्शनाशी त्यांचे नाते त्यामुळेच गुंतागुंतीचे आहे. नैयायिक ईश्वर मानतात, तो जीवांहून भिन्न मानतात, अनुमानाने सिद्धही करतात. ख्रिस्ती विचारवंताला याहून जवळचा शेजारी भारतात सापडणार नाही. परंतु तो ईश्वर नित्य परमाणूंची जुळवाजुळव करतो आणि जीवांच्या अदृष्टानुसार फळे वाटतो. गोरे यांच्या मते तो घडविणारा आहे, निर्माता नव्हे. सांख्यांना त्यांचा प्रश्न आणखी थोडक्यात आहे : पुरुष कर्ता नाही, सुखदुःखही वस्तुतः बुद्धीचे, तर मोक्ष मिळतो तो कोणाला?

ग्रंथाचा कळस वेदान्तपरीक्षणात आहे. वेदान्त म्हणजे येथे मुख्यतः शांकर अद्वैत. रामानुज वा मध्व यांना अशी सविस्तर झडती द्यावी लागलेली नाही, आणि ही या ग्रंथाची मोठी उणीव आहे. भक्तीच्या वेदान्ताशी सामना झाला असता तर वादाचे स्वरूपच पालटले असते. अद्वैताच्या संदर्भात मात्र त्यांनी नेमकी किल्ली हाती घेतली : सत्तेचे तीन प्रकार. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक, आपले नित्याचे जग व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. नवशिक्याला वाटते की ही खऱ्याची तीन मापे आहेत, जसे दूध, पाणी घातलेले दूध आणि नुसते पाणी. गोरे दाखवितात की तसे नाही. व्यावहारिक म्हणजे कमी खरे नव्हे. अज्ञानाने खरे मानलेले. मग ते अज्ञान तरी कोणत्या कोटीतले? पारमार्थिक म्हणावे तर अद्वैत मोडते. व्यावहारिक म्हणावे तर बंध खोटा आणि बंधापासून सुटकाही खोटी. या युक्तिवादाला अद्वैत्यांपाशी उत्तर नाही असे नव्हे. अज्ञान सत् नाही आणि असत्‌ही नाही, ते अनिर्वचनीय आहे, हे उत्तर गोरे यांना ठाऊकच होते. त्यांना ते उत्तर न वाटता प्रश्नाचेच दुसरे नाव वाटले. येथे निवाडा वाचकाने करायचा. मात्र अनिर्वचनीय म्हणजे काय, हे वाचकाला यापेक्षा लवकर समजावून देणारी पाने त्या शतकाच्या देशी गद्यात फारशी नसावीत.

पूर्वायुष्यातील प्रश्नांना या ग्रंथात उत्तरेही आहेत. दुःखाच्या विषमतेवरून पूर्वजन्म सिद्ध होत नाही, कर्माची साखळी अनादी म्हटल्याने पहिल्या दुःखाचे कारण सापडत नाही, ते केवळ मागे ढकलले जाते, असे ते लिहितात. तर्क निर्दोष आहे. पण तर्काने एक दार बंद होते म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही, याचा अनुभव या मनुष्याइतका फार थोड्यांनी घेतला असेल. महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले होते. तेथे मॅक्स म्यूलरशी त्यांची भेट झाली. बायबलात वाचलेला ख्रिस्ती धर्म आणि लंडनच्या रस्त्यांवरचे ख्रिस्ती जीवन यांतील अंतर पाहून ते किती व्यथित झाले होते, हे म्यूलरने आठवणींत नोंदविले आहे. पुढे ते अँग्लिकन धर्मोपदेशक झाले, व्रतस्थ ख्रिस्ती संघाच्या सहवासात पुण्यास राहिले. शंकांनी त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाही, आणि त्यांत अनंत शिक्षेची शंका होतीच. तीच, जी वीस वर्षांच्या नीलकंठाने म्यूरपुढे ठेवली होती.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध उत्तरायुष्यात अधिक दृढ झाला. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींना त्यांचे सांगणे असे की, दयाळू पिता म्हणून तुम्ही जो ईश्वर भजता तो तुम्हाला उपनिषदांतून मिळालेला नाही, बायबलातून मिळाला आहे. हा दावा त्या मंडळींना रुचणे शक्य नव्हते. पंडिता रमाबाईंच्या विचारांवर मात्र त्याचा खोल परिणाम झाला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी गोरे यांच्या लेखनाचे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केले. एका काशीकर मराठी शास्त्र्याचा युक्तिवाद एका मराठी पंडितेपर्यंत पोचायला इंग्लंडची वाट धरावी लागली, हा योगायोग विलक्षण खरा.

गोरे यांचे निधन 1895 मध्ये मुंबईत झाले. 'षड्दर्शनदर्पणा'चे इंग्रजी भाषांतर त्याआधीच, 1862 मध्ये, कलकत्त्यास निघाले होते. भाषांतरकार फिट्झएडवर्ड हॉल हा काशीच्या संस्कृत कॉलेजात राहिलेला अमेरिकन विद्वान, जो पुढे ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाला आयुष्याची शेवटची वर्षे देणार होता. मूळ हिंदी ग्रंथाच्या इंग्रजी मुखपृष्ठावर लेखकाची ओळख 'काशीचा एक पंडित' एवढीच होती. हॉलच्या भाषांतरावर पूर्ण नाव छापले गेले : नेहेम्या नीलकंठ शास्त्री गोरे. बाप्तिस्म्याचे नाव पुढे आले आहे, पण मागचे एकही गळलेले नाही.