बेतवा कालव्याच्या पटरीवरून

झाशी म्हटले की आपल्याला १८५८ चा वेढा आठवतो. या पोस्टिंगमध्ये मला तिची दुसरी बाजू सायकलवरून दिसली. चार दिवसांची रजा, आम्ही तिघे, दोन तंबू आणि बेतवा कालव्याची पटरी.

झाशीहून कानपूर रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर परीछा लागते. तिथे बेतवा नदी अडवून काढलेला कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुढे त्याच्या दोन शाखा होतात, एक हमीरपूरची, दुसरी कुठौंदची. पटरी मातीची, देखरेखीसाठी ठेवलेली. कालवा हलक्या उताराने जातो, त्यामुळे सामान लादलेल्या सायकलीलाही चढ जाणवत नाही. संध्याकाळी गावात विचारून तंबू ठोकायचा.

हा मुलूख आपल्याला परका नाही. गोविंदपंत बुंदेल्यांचा कारभार काल्पी-जालौनपर्यंत होता. एप्रिल १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई झाशी सोडून भांडेरमार्गे काल्पीला गेल्या, त्या याच भागातून.

लढायांच्या इतिहासात दुष्काळाला मात्र जागा मिळत नाही. १८६८-६९ च्या दुष्काळात झाशी जिल्हा होरपळला. १८५४ मध्ये संस्थान खालसा करायला सरकारला काही महिने पुरले; पाणी यायला तीस वर्षे लागली. महसुलापेक्षा दुष्काळापासून बचावासाठी काढलेल्या अशा कालव्यांना सरकारी दप्तरात ‘संरक्षक काम’ म्हणत. संरक्षण हा आम्हा फौजींचा शब्द. तो पाण्यालाही लागू पडतो, हे मला या पटरीवर उमगले.

झाशीला आलात तर किल्ला पाहाच, पण एक दिवस परीछ्यासाठी ठेवा. रब्बीत या, कालवा वाहता असतो.